ऑस्लोचं ब्यॉर्विका: आधी छत लोकांचं, मग बाकी सगळं

ऑस्लोच्या मुख्य रेल्वे स्टेशनातून समुद्राच्या बाजूने बाहेर पडलं की पाच मिनिटांत ऑपेरा हाउस समोर येतं. इमारतीचं दार कुठे आहे हे कळायच्या आधी तिच्या छतावर चढणारी माणसं दिसतात. बाबागाडी ढकलणारी आई, आइस्क्रीम खात निघालेले आजी-आजोबा, शाळेची अख्खी सहल. पांढरंशुभ्र छत एका टोकाला थेट पाण्यात उतरतं आणि तिथून वर वर चढत जातं. तिकीट नाही, फाटक नाही, हटकणारं कुणी नाही. जूनमधल्या रात्री दहाला गेलो तरी लख्ख उजेड होता आणि छतावर माणसं ठिकठिकाणी पथारी पसरून बसली होती.

मी माझगावात वाढले. आमच्या गच्चीवरून गोदीतल्या क्रेनचे शेंडे दिसायचे, बोटींचे भोंगे ऐकू यायचे, वळवाच्या आधी वाऱ्याला खारट वास यायचा. पाण्यापर्यंत मात्र पोचता यायचं नाही. मधे बंदराची भिंत. समुद्र बघायचा तर रेवसची लाँच पकडायच्या निमित्ताने भाऊच्या धक्क्यावर जायचं, नाहीतर बसने सरळ चौपाटी गाठायची. त्यामुळे जुन्या बंदराच्या जागेचं पुढे काय होतं हा माझ्यासाठी नुसत्या पर्यटनाचा विषय नाही. मावसबहीण ऑस्लोत राहते. तिच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच मी फोनवर सांगितलं होतं, "ताई, बाकी काही दाखवलं नाहीस तरी चालेल. ब्यॉर्विका तेवढं मला निवांत बघायचंय."

ब्यॉर्विका म्हणजे ऑस्लोच्या फ्योर्डचा शहराला अगदी खेटलेला कोपरा. फ्योर्ड ही जमिनीत लांबवर आत शिरलेली समुद्राची खाडीच, फक्त हिमनद्यांनी कोरलेली. वीसेक वर्षांपूर्वी इथे कंटेनरचं बंदर होतं, रेल्वेचे रूळ होते आणि या सगळ्यातून जाणारा ई-18 महामार्ग होता. शहर आणि पाणी यांच्यामध्ये गाड्यांचा अखंड लोंढा. ऑपेरासाठी शहराच्या पश्चिमेकडची, टाउन हॉलजवळची जागाही चर्चेत होती. ऑस्लोत पूर्व आणि पश्चिम हा भेद जुना आहे. पश्चिमेला पैसेवाल्यांची घरं. पूर्वेला कारखाने, कामगारांच्या चाळी आणि पुढे बाहेरदेशांतून आलेल्यांची वस्ती. बरीच वादावादी होऊन 1999 मध्ये नॉर्वेच्या संसदेने पूर्वेची जागा निवडली. देशातली सगळ्यात मानाची इमारत गोदीच्या चिखलात उभी करायची, असं ठरवून टाकलं. पुढच्याच वर्षी शहराने फ्योर्डचा सगळा काठ लोकांना खुला करायचं धोरण मंजूर केलं. कंटेनरचं काम दक्षिणेकडे हलवायचं आणि मोकळी झालेली जमीन शहराला जोडून घ्यायची.

ऑपेरा 12 एप्रिल 2008 रोजी उघडलं तेव्हा महामार्ग अजून वरच होता. तो 2010 मध्ये पाण्याखाली गेला. काँक्रीटचे प्रचंड पोकळ ठोकळे तरंगत आणून, फ्योर्डच्या तळाशी बुडवून एकमेकांना जोडले आणि त्यांतून बोगदा केला. आज ऑपेराच्या अंगणात उभं राहिलं की जवळच पाण्याखालून हजारो गाड्या जात असतात आणि कानावर येतो तो समुद्रपक्ष्यांचा कलकलाट.

मला इथला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांत आधी उभी राहिली ती सगळ्यांची जागा. मग रस्ता हलवला. बहुतेक कार्यालयं, महागडी घरं, हॉटेलं त्यानंतर आली. पहिल्याच दिवसापासून लोकांना छतावर चढायची सवय लागली. तो हक्क आता कोणी काढून घेऊ म्हटलं तर शहर गप्प बसणार नाही.

त्या छतावर आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. त्याचं आरेखन ऑस्लोतल्याच स्न्योहेत्ता या संस्थेचं. लांबून सगळं सपाट पांढरं दिसतं, पण चालायला लागलं की पावलांना वेगळंच कळतं. दगड म्हणजे इटलीतल्या करारा या गावचा संगमरवर. कुठे घासून गुळगुळीत केलेला, कुठे टाकीचे घाव तसेच ठेवून खरबरीत राखलेला. मधेच दोन बोटं उंचीची पायरी येते, मधेच एक फरशी तिरकी होते, एखादी धार सावलीची बारीक रेघ टाकून पुढे निघून जाते. दगड कुठे कसा कापायचा, उंचवटे कुठे ठेवायचे, हे ठरवायला तीन कलाकार वास्तुरचनाकारांच्या बरोबरीने काम करत होते. म्हणजे आपण चालतो ते एक भलंमोठं शिल्पच. बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. तोल सांभाळायची जबाबदारी तुमची, असं सांगणारा फलक आहे, बस्स. हिवाळ्यात बर्फ साचून निसरडं झालं की काही भाग बंद ठेवतात.

ताईची मुलगी दहा वर्षांची. ती पहिल्या चढावरच म्हणाली, "मावशी, चप्पल काढ ना. बघ, दगड अजून गरम आहे." खरंच होता. दिवसभराचं ऊन त्यात मुरलं होतं. आम्ही तिघी अनवाणी वरपर्यंत गेलो. वरून एका बाजूला फ्योर्डमधली बेटं दिसतात, दुसऱ्या बाजूला स्टेशनचे रूळ आणि त्यामागे डोंगरावरची हिरवी झाडी.

नॉर्वेत रानात, डोंगरात, पडीक जमिनीवर, समुद्रकिनारी कुणालाही पायी हिंडायचा हक्क आहे, मालक कुणी का असेना. तो परंपरेने होताच, 1957 पासून कायद्यातही आहे. नांदत्या घराचं आवार आणि उभ्या पिकाचं शेत तेवढं सोडायचं. डोंगरावर जसं कुणी चढू शकतं तसं या इमारतीवरही चढावं, असा विचार करून हे छत केलं आहे. ऑपेरा हा मुळात कमी लोकांच्या आवडीचा, खर्चीक कलाप्रकार. त्यावर सरकारी तिजोरीतून अब्जावधी क्रोनर घालायचे तर ज्याला ऑपेरा ऐकायचाच नाही त्यालाही काही मिळायला हवं, हा हिशेब मला मनापासून पटला.

आत शिरलं की समोर ओकच्या लाकडाची एक प्रचंड लाट उभी दिसते. प्रेक्षागृहाला वेढणारी ही वक्र भिंत असंख्य छोट्या फळ्या जोडून केली आहे आणि ते काम लाकडी बोटी बांधणाऱ्या कारागिरांकडून करून घेतलं. हात लावायला मनाई नाही, आणि मी बराच वेळ हात फिरवत उभी होते. सांधा बोटाला जाणवत नाही. मुख्य सभागृहात साधारण 1,350 माणसं बसतात. आतलं ओक अमोनियाची प्रक्रिया करून गडद केलेलं आहे, त्यामुळे दिवे मंदावले की भिंती जवळजवळ दिसेनाशा होतात आणि डोळे आपोआप रंगमंचाकडे वळतात. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा असतो, त्यावर गाण्याचे शब्द वाचता येतात. आम्ही एक बॅले पाहिला. त्याबद्दल लिहिण्याइतकं मला बॅलेतलं कळत नाही, पण ऑर्केस्ट्राचा पहिला सूर अंगावर आला तो मात्र अजून आठवतो.

प्रयोग न बघताही दालनात बसता येतं, पाणी प्यायला, स्वच्छतागृहाला जाता येतं. स्वच्छतागृहांना वेढणारी भिंतसुद्धा ओलाफुर एलियासन या कलावंताची कलाकृती आहे: जाळीदार पांढरे फलक आणि त्यांच्या पोकळ्यांतून येणारा, हिरव्यातून पांढऱ्यात सरकणारा उजेड. रांगेत उभ्या असलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. चांगली कला अशी वाटेत भेटली पाहिजे.

ऑपेराच्या मागच्या बाजूला फार कुणी जात नाही, पण तिथून चक्कर माराच. बाहेरच्या रस्त्यावरूनच काचेतून आतल्या कामाच्या जागा दिसतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई लाकडी पुतळ्यावर चढवलेल्या जड मखमली झग्याला हाताने टाके घालत होती. तोंडात टाचण्या, शेजारी चहाचा कप, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची रांग. तिने मान वर करून पाहिलं, हसली आणि पुन्हा कामाला लागली. झगमगीत प्रयोगामागे अशी किती माणसं असतात, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं.

समोरच्या पाण्यात काच आणि स्टीलचं एक तुटक्या बर्फाच्या ढिगासारखं शिल्प तरंगतं. मोनिका बोनविचिनी या इटालियन कलावतीचं, 2010 मधलं, 12 मीटर उंचीचं. कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या हिमसागराच्या चित्रावर ते बेतलं आहे. नांगरलेलं असलं तरी भरती-ओहोटी आणि वाऱ्याबरोबर ते स्वतःभोवती वळत राहतं. सकाळी पाहिलेली बाजू संध्याकाळी दिसत नाही.

ऑपेराच्या शेजारी डाइकमान, म्हणजे शहराचं मुख्य सार्वजनिक ग्रंथालय. मला विचाराल तर ब्यॉर्विकातली सगळ्यांत सुंदर जागा हीच, ऑपेरापेक्षाही. कार्ल डाइकमान नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने 1780 मध्ये आपला पुस्तकसंग्रह शहराला दिला आणि 1785 मध्ये ग्रंथालय लोकांसाठी उघडलं. नवी इमारत 18 जून 2020 ला, करोनाच्या साथीतच सुरू झाली. पुढच्या वर्षी जगातलं सर्वोत्तम नवं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वरचा मजला बराच पुढे आलेला आहे, त्याखाली पावसात उभं राहायला ऐसपैस आडोसा मिळतो. तीन बाजूंनी दारं आहेत. कुठूनही आत शिरा, कुठूनही बाहेर पडा. नुसतं रस्ता तोडायला म्हणून आतून जाणारेही कितीतरी.

आत शांतता पाळा असं कुणी खुणावत नाही. खालच्या मजल्यांवर गप्पा चालतात, पोरं पळतात, कुणी बुद्धिबळ मांडून बसतं. जसजसं वर जावं तसतसा आवाज कमी होत जातो. मधून छतापर्यंत उजेडाच्या मोकळ्या विहिरी सोडल्या आहेत. एका मजल्यावर सगळ्यांसाठी कार्यशाळा आहे: शिलाई मशीन, थ्री-डी प्रिंटर, हत्यारं. ताईने आधीच वेळ घेऊन ठेवली होती. लेकीने आजीच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्याची पिशवी शिवली. काठ कुठे ठेवायचा यावर मायलेकींची चांगली चर्चा झाली. शेजारच्या मशीनवर एक तरुण आपल्या जॅकेटची चेन बदलत होता. त्याची बॉबिन अडकली, ती ताईने सोडवून दिली. काही विकत न घेता, ओळख न दाखवता माणूस इथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसू शकतो. खिडकीशी एक आजोबा मांडीवर वर्तमानपत्र ठेवून गाढ झोपले होते. ग्रंथालयातली बाई पुस्तकांची गाडी घेऊन त्यांच्याजवळ आली आणि चाकांचा आवाज होऊ नये म्हणून गाडी अलगद वळवून दुसऱ्या वाटेने गेली. मला हे फार भावलं. आपल्याकडेही गावोगावच्या वाचनालयांत वर्तमानपत्रांच्या टेबलाशी अशी माणसं असतात. त्यांना बसू देणं हे वाचनालयाचं मोठं काम आहे.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक छोटी लाकडी खोली आहे. आत जाताना बूट काढायचे. केटी पॅटरसन या स्कॉटिश कलावतीने 2014 मध्ये एक काम सुरू केलं. ऑस्लोच्या उत्तरेच्या जंगलात 1,000 स्प्रूसची रोपं लावली. दर वर्षी जगातल्या एका लेखकाने एक हस्तलिखित द्यायचं, जे छापलं जाईपर्यंत कुणी वाचायचं नाही. शंभर वर्षांनी, 2114 मध्ये, त्याच झाडांच्या कागदावर ती सगळी पुस्तकं छापायची. रोपांसाठी जागा करताना तोडलेल्या जुन्या झाडांच्या लाकडातून ही खोली केली आहे. भिंती म्हणजे लाकडाचे एकावर एक शंभर थर, आणि प्रत्येक थरात काचेचा एक छोटा, आतून उजळलेला कप्पा. कप्प्यावर लेखकाचं नाव आणि साल. पुढचे कितीतरी कप्पे अजून रिकामे आहेत. ज्यांना त्यांत काही ठेवायचं आहे ते लेखक कदाचित जन्मलेलेही नाहीत. भाचीने हिशेब केला, "मी तेव्हा शंभरची होईन, मावशी. म्हणजे जमू शकेल." लाकडाचा वास घेत आम्ही तिथे बसून राहिलो. आपण गेल्यावरच्या वाचकासाठी एवढी तजवीज करणाऱ्या शहराबद्दल मनात आदर दाटून आला.

एडवर्ड मुंक या नॉर्वेजियन चित्रकाराचं संग्रहालय इथून दोन पावलांवर. इमारत मला बाहेरून आवडली नाही, हे सरळ सांगते. तेरा मजल्यांचा, छिद्रं पाडलेल्या करड्या ॲल्युमिनियमने मढवलेला, वरच्या बाजूला वाकलेला हा मनोरा शेजारच्या दोन्ही इमारतींसारखा माणसाला जवळ बोलावत नाही. स्पेनच्या एस्तुदियो एरेरोस या वास्तुरचना संस्थेचं हे आरेखन 2009 मध्ये स्पर्धेतून निवडलं गेलं, 2011 मध्ये शहराने बेत सोडून दिला, 2013 मध्ये पुन्हा हाती घेतला आणि 2021 च्या ऑक्टोबरात दारं उघडली. मुंक 1944 मध्ये गेला तेव्हा आपली हजारो चित्रं, मुद्राचित्रं, कागदपत्रं ऑस्लो शहराच्या नावे करून गेला होता. त्याच्या जन्मशताब्दीला, 1963 मध्ये, पूर्वेकडच्या तोयेन भागात पहिलं संग्रहालय झालं. तिथूनच 2004 मध्ये बंदुका रोखून भरदिवसा 'किंकाळी' आणि 'मॅडोना' पळवली होती. दोन वर्षांनी दोन्ही चित्रं सापडली, थोडी इजा होऊन.

संग्रहालय काठावर आलं आणि तोयेनचं गेलं. कामगार आणि स्थलांतरितांच्या वस्तीतली एकुलती एक मोठी कलासंस्था उचलून चकचकीत काठावर नेल्याचं दुःख तिथल्या लोकांनी बोलून दाखवलं, आणि मला ते रास्त वाटतं. शहराने मग तोयेनच्या सुधारणेची योजना आखली. 2016 मध्ये तिथे दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं खास ग्रंथालय उघडलं, जिथे मोठ्यांना प्रवेशच नाही. भाची तिथे जाते. आम्ही दोघी अर्थातच बाहेर थांबलो.

आत मात्र संग्रहालय मनापासून मांडलं आहे. 'किंकाळी'च्या रंगवलेल्या, रेखाटलेल्या आणि छापलेल्या अशा आवृत्त्या इथे आहेत. कागद आणि पुठ्ठा उजेडाने खराब होतो म्हणून अंधाऱ्या खोलीत एका वेळी एकच उघडी ठेवतात, बाकीच्या झाकलेल्या. ठरावीक वेळाने एक दार मिटतं आणि दुसरं उघडतं. गर्दी तिकडे वळते. पण मी सांगेन, त्या खोलीत फार वेळ घालवू नका. प्रचंड चित्रांच्या दालनात जा. विद्यापीठाच्या सभागृहासाठी मुंकने केलेल्या सूर्याच्या चित्राचं एक रूप इथे आहे, भिंतभर. ही चित्रं दारातून आत येणं शक्यच नव्हतं, म्हणून बांधतानाच भिंतीत उभी फट ठेवून त्यातून ती आत घेतली. खडकाळ किनाऱ्यावर उगवणारा तो सूर्य पाहिल्यावर मुंक म्हणजे नुसती भीती आणि आजार नव्हे, हे पटतं.

बाहेर धक्क्यावर ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलावतीने केलेली नऊ मीटर उंचीची ब्राँझची बाई गुडघ्यांवर बसली आहे, नाव 'आई'. 2022 मध्ये बसवली. हा धक्का मुंकच्या बहिणीच्या, इंगरच्या नावाचा. मुंक पाच वर्षांचा असताना त्याची आई क्षयाने गेली. शिल्पाचा पृष्ठभाग बोटांनी दाबलेल्या मातीसारखा ओबडधोबड, आणि हातांची ओंजळ अशी की काहीतरी जपून धरलं आहे. बाईभोवती रानफुलांची बाग आहे. एक पाच-सहा वर्षांची मुलगी तिच्या पायाच्या बोटाला टेकून केळं खात होती. शिल्पाच्या आसपास कुठे साखळी नाही, पाटी नाही.

आता पाण्याबद्दल, कारण खरी गर्दी तिथेच. पूर्वेकडच्या सोरेंगा धक्क्यावर एकेकाळी कंटेनर उतरायचे. आता तिथे घरं आहेत आणि टोकाला 2015 पासून खाऱ्या पाण्याचा तरण तलाव: लाकडी तराफे, उड्या मारायचे मनोरे, लहानांसाठी उथळ भाग, सगळं फुकट. शनिवारी दुपारी तिथे अख्खं शहर लोटलं होतं. गोरी, सावळी, काळी मुलं एकाच फळीवरून रांगेने उड्या मारत होती. अंगभर पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुली होत्या, नातवंडांना पाण्यात उतरवणाऱ्या आज्या होत्या. मी आधी फक्त पाय बुडवले, मग भाचीने हात धरून ओढलं. पाणी असं गार की श्वास अडकतो आणि बाहेर आल्यावर सगळं अंग जागं होतं. ऑपेराच्या पलीकडच्या बाजूला तरंगत्या लाकडी खोल्यांमध्ये सॉना आहेत. लोक आत घाम गाळून थेट फ्योर्डमध्ये उडी घेतात, हिवाळ्यातसुद्धा.

हे पाणी आपोआप पोहण्याजोगं झालं नाही. आकर्सएल्वा नदीच्या काठी एकोणिसाव्या शतकात कापडाच्या आणि इतर गिरण्या होत्या. त्यांची आणि बंदराची घाण इथेच यायची. या शतकाच्या पहिल्या दशकात बंदराच्या तळाचा विषारी गाळ उपसला गेला. तो टाकायचा कुठे यावरही मोठा वाद झाला. पोहणाऱ्यासाठी पाणी निवळलं, पण फ्योर्ड बरा झाला असं नाही. शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन अजून थांबलेला नाही, आणि कॉड इतका घटला की 2019 पासून ऑस्लो फ्योर्डमध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आहे. काठ सुंदर झाला म्हणून पाण्याकडचं लक्ष हटता कामा नये, असं मला प्रकर्षाने वाटलं.

सोरेंगाच्या मागच्या बाजूला, बोगद्याच्या माथ्यावर, शहरातलं एक शेत आहे: लोसेतर. जुन्या वाणांची धान्यं, भाज्या, मधमाश्यांच्या पेट्या आणि उलट्या नावेच्या आकाराचं भट्टीघर. इथे माती नव्हतीच. 2015 मध्ये देशभरातल्या पन्नासहून जास्त शेतांवरची माती शेतकऱ्यांनी आणली, मिरवणुकीने शहरातून नेली आणि या जागेत घातली. मी राय धान्याच्या वाफ्याशी वाकून मूठभर माती हातात घेतली. काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली. महामार्गाच्या डोक्यावर अशी माती तयार होते आहे.

जवळच मध्ययुगीन ऑस्लोचे चर्चचे पाये गवतात जपून ठेवले आहेत. मूळ गाव इथेच होतं. 1624 च्या आगीनंतर राजा चौथ्या ख्रिस्तियानने शहर उठवून किल्ल्याच्या आश्रयाला नेलं. नव्या इमारतींचे पाये खणताना चिखलातून जुन्या बोटींचे सांगाडे निघाले.

त्या नव्या इमारती म्हणजे बारकोड: रुळांच्या कडेने उभ्या असलेल्या अरुंद, उंच इमारतींची रांग, मधे फटी. मोठ्या बँकेचं मुख्यालय, सल्लागार कंपन्या, वर महागड्या सदनिका. पूर्वेकडच्या वस्तीसमोर भिंत उभी राहील म्हणून शहरात तिला जोरदार विरोध झाला, सह्यांच्या मोहिमा झाल्या. फटींतून पाणी दिसतं हे खरं, पण संध्याकाळी सहानंतर तिथले रस्ते ओस पडतात. शंभर मीटरवर छतावर आणि तराफ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे वारा तेवढा सुटलेला असतो. जमीन विकून पैसा उभा करायचा तर असं काही बांधावं लागतं, असं भावजींचं म्हणणं. ते शहर-नियोजनातलेच, त्यामुळे जेवताना आमचा चांगला वाद झाला. माझा मुद्दा एवढाच, की परवडणारी थोडी घरं तरी या रांगेत हवी होती.

रूळ ओलांडायला 2011 मध्ये झालेला अक्रोबातेन हा पादचारी पूल आहे, दोनशे मीटरहून थोडा लांब. त्यावरून पलीकडे उतरलं की ग्रोनलान्द. इथे दुकानांबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, भेंडी, आंब्यांच्या पेट्या. पाकिस्तानी पंजाबातून सत्तरच्या दशकात आलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी इथे नांदते. ज्या दुकानातून ताई कणीक घेते तिथल्या चाचांशी हिंदीत गप्पा झाल्या. मुंबईची म्हटल्यावर त्यांनी आधी समोसा हातात ठेवला. काठाचा विषय काढला तर म्हणाले, नातवंडं रोज तिकडे पोहायला जातात, मोठीची शाळेची सहल ऑपेराला गेली होती, मीही रमजानमध्ये रोजा सोडून पाण्याकाठी फिरायला जातो. पण तिथे घर घ्यायचं म्हटलं तर आमच्यापैकी कुणाची ऐपत नाही.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या बंदराच्या जमिनीचं काय करायचं, याची चर्चा आपण कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. 2017 च्या हिवाळ्यात ससून डॉकच्या गोदामांमध्ये काही आठवडे कलाप्रदर्शन भरलं होतं. कोळणींची भलीमोठी चित्रं, कोळंबी सोलणाऱ्या बायकांचं काम शेजारी चालूच, आणि बघायला लोटलेली तोबा गर्दी. लोकांना गोदीत यायचं असतं, हे तेव्हाच दिसलं. ब्यॉर्विकातून आपण काही घ्यायचं तर तो क्रम घ्यावा. सगळ्यांना फुकट बसता येईल अशी जागा आधी बांधावी, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या आधी बांधाव्यात. मनोरे नंतर. आणि आपल्याकडे काठावर आधीपासून राहणारे, जाळी विणणारे, मासळी उतरवणारे लोक आहेत. ऑस्लोला तो प्रश्न इतका अवघड नव्हता. आपल्याला त्यांना हलवून चालणार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑस्लो महाग आहे, पण ब्यॉर्विकात दिवस घालवायला फार खर्च येत नाही: छत, ग्रंथालय, तरण तलाव, शेत, शिल्पं सगळं विनातिकीट. तिकीट लागतं ते मुंक संग्रहालयाला आणि ऑपेराच्या प्रयोगाला. प्रयोगाचं आधी काढा. जून ते ऑगस्ट पोहण्यासाठी बरे, जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पायाला घट्ट पकड देणारे बूट न्या. ग्रंथालय आठवड्यात रात्रीपर्यंत उघडं असतं, शनिवार-रविवारी लवकर बंद होतं. आणि स्टेशनातून थेट ऑपेरा गाठण्याऐवजी सुरुवात ग्रोनलान्दच्या बाजूने करा. तिथे पोटभर खा, खाणं बांधून घ्या आणि मग पूल ओलांडून काठावर उतरा.